दहा महिन्यांचे आबा

"गेलं ते. आता जेवून घ्या."

भूत घालवून झालं की आबा एवढंच बोलायचे आणि सगळ्यांच्या आधी स्वतः मांडी घालून बसायचे. ज्याला भूत लागलंय असं घरच्यांचं म्हणणं असे, त्याला शेजारी बसवायचं, आपल्या भाकरीतली अर्धी मोडून त्याच्या हातात द्यायची आणि त्यानं पहिला घास खाल्ल्याशिवाय आपण खायचं नाही, ही त्यांची पद्धत. चार दिवस अन्नाला न शिवलेली सून समोर म्हातारा माणूस उपाशी बसलेला बघून मुकाट्यानं घास तोंडात घालायची. झालं, भूत गेलं.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. पण आमच्या आबांचा थाट निराळा होता. लिंबू नाही, मिरची नाही, अंगारा नाही, केस धरून झोडपणं तर नाहीच. घरात यायचे, चहा घ्यायचे, घरातल्या एकेकाला खोदून खोदून विचारायचे आणि मग एखाद्या कोपऱ्याकडे बघून हळू आवाजात म्हणायचे, "चला, निघा आता. लई वेळ झाला. तुमच्या घरची वाट बघत आसतील." भुतालाही ते अहो-जाहो करायचे. रात्री कधी कुणाकडे गेले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "रात्री मला झोप येती."

मी तेव्हा शिरूर तालुक्यात, निमोण्याच्या पलीकडच्या एका गावात आरोग्य उपकेंद्रात सिस्टर होते. घर दौंडचं. आमच्या वस्तीतल्या विहारात लहानपणापासून बावीस प्रतिज्ञा म्हणत मोठी झालेली मी, त्यामुळे भूत म्हटलं की माझं डोकं फिरायचं. गावात येऊन महिना झाला नसेल, तोच कळलं की तापानं फणफणलेल्या एका बाईला माझ्याकडे आणायच्या ऐवजी आबांना बोलावलंय. मी तणतणत गेले. म्हटलं, "आबा, कायदा आहे याच्या विरुद्ध. मी तक्रार करीन."

आबांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि त्या घरच्यांना सांगितलं, "भूत गेलं, पर जाताना आंगात ऊन ठेवून गेलं. ते काढायचं माझं काम न्हवं. ते सिस्टरच्या गोळीनं जातंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही ताप घालवा, मी भूत घालवतो. भांडान कशाला?"

त्या दिवसापासून माझ्याकडचे निम्मे पेशंट आबांनी पाठवलेले असायचे. कुणाच्या अंगात 'ऊन', कुणाच्या 'वारं', कुणाच्या रक्तात 'पाणी'. गावातले काही लोक अजून माझ्या हातचं पाणी घ्यावं की नाही याचा अंदाज घेत होते, तेव्हा आबा माझ्या क्वार्टरवर येऊन पोटभर जेवून गेले. ते म्हणाले, "भुताला जात नसती, सिस्टर. आन् आपण तर निम्मे."

निम्मे, म्हणजे काय ते आता सांगते.

आबांचे वडील आबा जन्मायच्या दहा महिने आधी वारले, असं गावाचं म्हणणं. दहा महिने कुणी पोटात राहत नाही. मग एक तर आईचं वाकडं पाऊल पडलं, नाही तर मेलेला नवराच बायकोकडे येऊन गेला. त्या वेळच्या सुईणीनं दुसरं सांगितलं आणि गावानं ते मानलं. म्हणून आबा निम्मे माणूस, निम्मे भूत. आणि निम्मे भूत असल्यामुळे पुरी भुतं त्यांना दिसतात, ओळखता येतात, हाकलता येतात. लहानपणी बायका त्यांना हाडं आहेत का हे बघायला दंडाला चिमटे काढायच्या. "पोरांनी सावली मोजली माझी," आबा हसत सांगायचे. "त्यांच्यापरास दोन बोटं जास्तच भरली."

हसायचे खरे, पण त्यांचं लग्न झालं नाही. निम्म्या भुताला पोरगी कोण देणार? हळदीला त्यांना कुणी बोलवत नसे, तेराव्याला मात्र पहिली पत्रावळ त्यांची. ज्या घरानं संकटात त्यांना हाताला धरून आणलं, तेच घर लग्नाची पत्रिका वाटताना त्यांच्या खोपटावरून पुढे जायचं. याचा मला फार राग यायचा. त्यांना येत नसे, किंवा दाखवत नसत.

माझी मुलगी पुण्याला शिकायला आहे. तिला मी आबांची गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली, "आई, हे तर युरोपातही आहे." तिकडे पूर्वेला स्लाव लोकांची गावं आहेत आणि त्यांच्यात रोमा नावाची भटकी जमात राहते. त्यांच्याकडे म्हणे अशीच समजूत. मेलेला माणूस रक्तपिपासू होऊन थडग्यातून उठतो आणि आधी आपल्या विधवा बायकोकडे येतो. त्यातून जे मूल होतं त्याला धाम्पीर म्हणतात. त्याच्या अंगात हाडं नसतात असंही काही जण मानत. पण बापाच्या जातीची भुतं फक्त त्यालाच दिसतात, म्हणून गावोगावचे लोक त्याला बोलावून आणत. तो सदऱ्याच्या बाहीतून आरपार बघायचा, शिट्टी वाजवायचा, कुणालाच न दिसणाऱ्या शत्रूशी झोंबी खेळायचा आणि शेवटी गेलं म्हणून सांगायचा.

हे सगळं मी आबांना ऐकवलं. आम्ही उपकेंद्राच्या पायरीवर बसलो होतो, ते शेंगा फोडत होते.

"बाहीतनं बघत्यात?" आबा म्हणाले. "सोपं हाय की. मी आपलं उगं कोपऱ्याकडं बघत बसतो, मान दुखती."

मग हातातली शेंग त्यांनी न फोडताच खाली ठेवली. "म्हंजी तिथंबी बायका रांडव व्हत्यात," ते म्हणाले, "आन् तिथंबी सासवा म्हैनं मोजत्यात."

मुलीनं मला दोन तास सांगून जे कळलं नव्हतं, ते आबांना एका शेंगेत कळलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती सांगते. आमच्या गावात इंदूबाई नावाची विधवा बाई, तिला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगी रूपाली लग्न होऊन शिरूरला दिलेली. मुलगा कंपनीत कामाला. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, सून सोनाली भांडगावची. आषाढ संपता संपता कामावरून येताना त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला आणि तो जागच्या जागी गेला. तेरावं झाल्यावर सोनालीला तिचे वडील माहेरी घेऊन गेले. महिन्याभरानं ती कपडे न्यायला आली, तेव्हा तिला माझ्या दारातच ओकारी झाली. तपासलं, तर दिवस गेलेले. तिला विचारून पाळीची तारीख मी माझ्या हातानं कार्डावर लिहिली. इंदूबाईला सांगितलं तेव्हा तिनं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "माज्या लेकानं मागं ठिवलं गं काय तरी."

तो आनंद बाळ जन्मेपर्यंत टिकला. रंगपंचमीच्या दिवशी दौंडला सोनालीला मुलगा झाला आणि त्याच संध्याकाळी इंदूबाईच्या ओट्यावर बातमी ऐकून आलेल्या एका शेजारणीनं बोटांची पेरं मोजायला घेतली. आषाढ, धोंडा, श्रावण, भादवा, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन. त्या साली अधिक महिना आला होता, त्याला आमच्याकडे धोंडा म्हणतात. पेरं दहा भरली.

दुसऱ्या दिवशी इंदूबाई माझ्याकडे आली ती वेगळीच बाई होती. म्हणाली, "सिस्टर, पोर धा म्हैन्याचं हाय. नऊ म्हैनं मागं मोजलं तर सून तवा म्हायेरीच व्हती."

मी कार्ड काढलं. सोनोग्राफीचे कागद काढले. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी बाळ झालंय, हे बोट ठेवून दाखवलं. "तुमचं इंग्रजी म्हैनं तुमच्यापाशी," ती म्हणाली. "कागद काय, लिवंल तसा बोलतो." मी चिडले, ओरडले. पण खरं सांगायचं तर तिचे दहा कुठून आले हे मलाही कळत नव्हतं. आमच्या घरी कॅलेंडरवर तारीख बघतात आणि पौर्णिमा बघतात. अधिक महिना केव्हा येतो, केव्हा जातो, आम्हाला पत्ताही नसतो. ती तिथीत बोलत होती, मी तारखेत. दोघी आपापल्या जागी बरोबर आणि मधे सोनाली.

बारसं बाराव्या दिवशी, भांडगावला. आता बारशाला आत्या लागते. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान बापाच्या बहिणीचा. ती आली नाही, तर बापाकडच्यांनी मूल आपलं म्हटलं नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो आणि तो अर्थ मग जन्मभर पोराच्या मागे फिरतो. इंदूबाईनं रूपालीला निरोप धाडला, जायचं नाही. सोनालीचा तिकडून मला फोन. रडत नव्हती. म्हणाली, "सिस्टर, मला त्यांच्या घरातली काडी नको. फक्त ताईंनी येऊन नाव ठेवावं."

मग त्याच शेजारणीनं तोड काढली. "आबांना दाखवा. त्यांच्यासारखंच आसंल तर ते लगीच वळखतील." इंदूबाईनं ती तोड दोन्ही हातांनी धरली. मी आधी संतापले, मग माझ्या लक्षात आलं की तिला सुनेवर आळ घ्यायचाच नाहीये. मुलगा मेल्यावरही एकदा घरी येऊन गेला असेल, तर ते तिला हवंच आहे.

दहाव्या दिवशी इंदूबाई, आबा आणि मी जीपनं चौफुल्यापर्यंत आणि तिथून पुढे भांडगावला निघालो. इंदूबाई पुढे बसली होती. मागे आबा माझ्या कानाशी म्हणाले, "सिस्टर, मी व्हय म्हणणार हाय."

"काय व्हय?"

"हे पोर माझ्यासारखंच हाय म्हणून सांगणार. तसं म्हणलं की बाई सुटती. आमची आई तशीच सुटली. न्हाई तर तिला हिरीत ढकलली आसती."

"आणि पोराचं काय, आबा?"

ते बाहेर उसाकडे बघत राहिले. "पोर ऱ्हातंय की. मी न्हाई का ऱ्हायलो?"

माझ्याकडे कागद होता आणि तो हरला होता. त्यांच्याकडे खोटं होतं आणि ते चाललं असतं. जीपमध्ये बसल्या बसल्या मला पहिल्यांदाच भीती वाटली, की आज आबा बोलतील आणि मी गप्प बसेन.

सोनालीच्या माहेरी आम्हाला पाणी दिलं, चहा दिला. सोनाली आतल्या खोलीत बाजेवर बसली होती, मांडीवर बाळ. इंदूबाई उंबऱ्यात उभी राहिली आणि मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता इतक्या मऊ आवाजात म्हणाली, "सोने, त्यो आला व्हता का गं? आला आसंल तर सांग. मी काय म्हणत न्हाई."

सोनालीनं वर बघितलं. "आई, मेलेलं माणूस येत न्हाई. आलं आसतं तर मी परत जाऊ दिलं आसतं का?"

इंदूबाई तिथंच खाली बसली. आबांनी बाळाला मांडीवर घेतलं, त्याचा दंड बोटांनी हळूच चाचपला. मला वाटलं, आता म्हणतात.

सोनालीचे वडील इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. गरीब माणूस. आपल्या बाजूनं काय सांगावं हे न कळून ते कपाटाशी गेले आणि आतून एक पिशवी घेऊन आले. पिशवीत शर्ट-पँटचं कापड, टॉवेल, टोपी. "पहिला धोंडा व्हता जावयाचा," ते म्हणाले. "जेवाय बोलावलं व्हतं. चांदीची आंगठी केली व्हती. धोंडा लागाय चार दिस ऱ्हायले आन् फोन आला. हे तवापासनं असंच हाय. कुणाला द्यावं बी वाटंना."

आबांचा हात बाळाच्या दंडावर थांबला.

"किती दिस ऱ्हायले व्हते?"

"चार."

"आमच्या आईचंबी असंच," आबा म्हणाले. ते कुणाशी बोलत होते कळेना. "धोंडा आला की आई रडायची. म्हणायची, तुज्या आज्यानं जावयाला धोतरजोडी आणली व्हती, वाण भरून ठिवलं व्हतं, आन् धोंड्याला चार दिस ऱ्हायले तवा तुजा बाप गेला. मी मोठा झालो तरी दर धोंड्याला तेच. मी आपला ऐकून घ्यायचो."

मग ते एकदम म्हणाले, "गेल्या सालचं कॅलेंडर हाय का?"

होतं. नव्या कॅलेंडरच्या मागे त्याच खिळ्याला अडकवलेलं. मी दोन्ही उतरवून सतरंजीवर पसरली. आबांना तारखा वाचता यायच्या नाहीत, पण आवस-पुनव ओळखता यायची. बाळ मांडीवर तसंच ठेवून त्यांनी इंदूबाईला समोर बसवलं.

"इंदे, आषाढाचं किती दिस उरलं व्हतं?"

"चार."

"मग चार दिसांचा म्हैना कसा धरलास?"

इंदूबाई कॅलेंडरवर वाकली.

"फाल्गुनाचं किती झालं व्हतं? इस. त्योबी पुरा धरलास. मधलं मोज आता. पानं मी उलटतो, आवसंला बोट ठेव."

ती मोजत गेली. धोंडा एक, श्रावण दोन, असं करत माघापर्यंत आठ. आठ पुरे महिने, मागचे चार दिवस आणि पुढचे वीस. "आठ म्हैनं चोवीस दिस," आबा म्हणाले. "नवालाबी कमीच भरत्यात. नावं धा झाली गं, म्हैनं न्हाई झालं." मी घाईघाईनं कार्डावरची तारीख त्याच चौकोनात दाखवली. तिथी आणि तारीख एकाच चौकोनात छापलेली होती, इतके दिवस मला ते दाखवायचं सुचलं नव्हतं. आयुष्यात इतकं मूर्ख मला क्वचितच वाटलंय आणि इतका आनंदही.

इंदूबाईनं पुन्हा एकदा पानं उलटली, मोजली. मग तिनं आबांच्या मांडीवरून बाळ उचललं आणि छातीशी धरून मोठ्यानं रडली. मुलगा गेला तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. रडता रडताच सोनालीला म्हणाली, "माजं चुकलं. तोंडात मार माज्या." सोनालीनं काही तिच्या तोंडात मारली नाही, पण लगेच जवळही गेली नाही. जरा वेळानं नुसतं म्हणाली, "मान धरा त्याची नीट." इंदूबाईनं मान धरली. मग मला म्हणाली, "रूपालीला फोन लावा. म्हणावं, परवा ये. काकणं घिऊन ये."

आबा बाजूला बसले होते. सोनालीच्या वडिलांनी त्यांना विचारलं, "आबा, मग भूत-बित काय न्हाई ना?"

"न्हाई," आबा म्हणाले. "सबंध पोरगं हाय."

बाहेर आलो. जीपला वेळ होता. हायवेच्या कडेला एका हॉटेलच्या बाकावर बसलो. आबा आपल्या हाताच्या पेरांवर काहीतरी मोजत होते, पुन्हा पुन्हा.

"सिस्टर, माझा जन्म माघी पुनवंचा."

"हो."

"बाप जेष्ठात गेला. धोंड्याला चार दिस ऱ्हायले तवा. त्या साली धोंडा आषाढाचा." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही मोजा. मला आता माझ्या मोजण्याचा भरवसा न्हाई."

मी मोजलं. ज्येष्ठाचे चार. अधिक आषाढापासून पौषापर्यंत पुरे आठ. माघाचे पंधरा. आठ महिने एकोणीस दिवस. मी दोनदा मोजून सांगितलं.

चहा निवला. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसानं कप बाजूला सारला. मग आबा म्हणाले, "एक सांगू का? मला कवाच काय दिसलं न्हाई. कोपऱ्यात बघायचो, तर जळमटं दिसायची. वाटायचं, निम्मा हाय म्हणून निम्मंच दिसत आसंल." आणि ते हसायला लागले. हसता हसता डोळ्याला पाणी आलं आणि मग नुसतं पाणीच राहिलं. मी त्यांचा हात धरून बसले. जीप आली, गेली, आम्ही दुसरीनं निघालो.

पुढच्या आठवड्यात आबा माझ्याकडे आले. म्हणाले, "तळेगावला न्याल का? ढमढेऱ्याच्या. आत्या हाय माझी तिथं."

मला ठाऊकच नव्हतं. वडिलांची धाकटी बहीण, नव्वदीला टेकलेली. आबा दर आठवड्याला तळेगावच्या बाजाराला जायचे, पण तिच्या दारात कधी गेले नव्हते. तिला त्यांच्या बारशाला जाऊ दिलं नव्हतं, म्हणून बारसं झालंच नाही. चार दिवस शाळेत गेले, तेव्हा मास्तरांनी जे सुचलं ते नाव लिहिलं.

स्कूटीवर मागे बसवून नेलं. आत्या पलंगावर उठून बसली होती. कान पार गेलेले, नजर मात्र चांगली. तिनं आबांना ओळखलं आणि तोंड फिरवलं. रागानं नव्हे, ते मला नंतर कळलं. आबा तिच्या कानाशी वाकले आणि सगळं ओरडून सांगितलं, ज्येष्ठाचे चार, माघाचे पंधरा. शेजारपाजारच्या बायका दारात गोळा झाल्या. आत्यानं ऐकून घेतलं.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "वैनी कशी व्हती मला ठावं न्हाई व्हय? दोघी एका हातरुणात निजायचो, तुजा बाप गेल्यावर. पर मी पंदरा वर्साची. मला कोन इचारतंय?"

"मग आता सांग की," आबा म्हणाले.

"काय सांगू?"

"नाव."

"आता? मरायला टेकलायस की रं."

"तूबी टेकलीस. म्हणून तर आलो."

आत्या हसली, बोळक्या तोंडानं. मग तिनं आबांचं डोकं दोन्ही हातांनी जवळ ओढलं आणि त्यांच्या कानात तोंड घालून काहीतरी सांगितलं. बारशाला करतात तसं मी तिच्या पाठीवर हळूच थोपटलं, आणि दारातल्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. काय नाव ठेवलं ते मला ऐकू आलं नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आमच्यासाठी ते आबाच राहिले.

त्यानंतरही लोक त्यांना बोलवायला यायचे. आबा सांगायचे, "मला काय दिसत न्हाई बाबा, मी सबंध मानूस हाय." लोकांना ते पटायचं नाही. मग आबा जायचे, जेवायचे, अर्धी भाकरी मोडून द्यायचे, आणि माणसं पूर्वीसारखीच बरी व्हायची. माझी बदली झाली, मी दौंडकडे आले. गेल्या साली पौषात आबा झोपेतच गेले. मला फोन आला तो इंदूबाईचा. तिचा नातू अंत्ययात्रेत मामाच्या खांद्यावर बसून पुढे चालला होता, असं तिनं सांगितलं. म्हणाली, लई मानसं आली व्हती, लग्नाला येत्यात तेवढी.

मला मात्र ते डोळ्यांसमोर येतात ते तळेगावहून परतल्यानंतरच्या त्या संध्याकाळचे. येताना त्यांनी मला एका मिठाईच्या दुकानापाशी थांबवलं आणि दोन किलो पेढे घेतले. मुलगी झाली की लोक जिलबीवर भागवतात याचा मला नेहमी राग येतो, पण त्या दिवशी मी काही बोलले नाही. गावात शिरल्यावर ते स्कूटीवरून उतरले आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली. धुतलेला सदरा, हातात उघडा पुडा. प्रत्येक दारात तेच.

"पेढा घ्या. मुलगा झाला."

"कुणाला, आबा?"

"आमच्या आईला."